रेकॉर्डीतल्या मागच्या बायका

आमच्या घरात सगळे मोठ्यानं बोलायचे. भांडण असो वा नसो. बाबा कापडगिरणीत मागांवर होते. दिवसभर त्या खडखडाटात उभा राहणारा माणूस घरी येऊन हळू बोलेल कसा? जेवताना त्यांनी मीठ मागितलं की शेजारच्या घरात लोक हसायचे. त्यांचं पाहून मीही तशीच झाले. हळू बोलायची ती एकटी माय. ती घरी बिड्या वळायची. तंबाखूची बारीक धूळ वर्षानुवर्षं घशात जाऊन तिचा आवाज बसला होता. मी लहान असताना ती मला गाणं म्हणत जोजवत होती, तेव्हा बाबा म्हणाले होते, "तुहा आवाज फाटला आहे वं, झोपलेलं लेकरू जागं होईन." बाबांच्या लेखी ती थट्टा होती. माय त्यानंतर कधी गायली नाही. हे मला तिनं नाही, शेजारणीनं सांगितलं.

बाबा स्वतः मात्र गाणारे. बौद्ध धम्माच्या दीक्षेच्या आधी वस्तीतल्या भजनी मंडळात पहिला आवाज त्यांचा असायचा. छप्पन साली आमच्या घरातले देव गेले, तशी भजनंही गेली. टाळांची जोडी त्यांनी तांबटाला देऊन टाकली. मी तेव्हा मायच्या कडेवर होते, त्यामुळे हे सगळं ऐकीव. पण नंतरची पंधरा-सोळा वर्षं माझ्या डोळ्यांसमोरची आहेत, आणि त्या सगळ्या वर्षांत बाबांना एकच गोष्ट टोचत होती. जुनं सोडलं ते बरंच केलं, पण नव्याला सूर नाही. वस्तीतली बुद्धवंदना मोकळ्या मैदानात, पिंपळाच्या रोपट्यापाशी व्हायची. लोक मनापासून म्हणायचे, पण एका दमात, पाढे म्हटल्यासारखी. बाबा घरी येऊन चिडायचे. "देवाले भेऊन गात होतो तवा सूर लागे. आता भेव नाही तं सूरही नाही. हे काय बरं आहे का?"

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला गेले तेव्हा त्या मैदानावर विहार बांधायला सुरुवात झाली होती. विटांच्या भिंती, वर टिन. येत्या वैशाखी पौर्णिमेला उद्घाटन करायचं ठरलं आणि त्या दिवशी वंदना नीट, सुरात म्हणवून घ्यायची जबाबदारी बाबांनी स्वतःहून अंगावर घेतली. कशी म्हणवून घ्यायची, ते मात्र त्यांना माहीत नव्हतं.

वस्तीच्या तोंडाशी मिशनचा दोन खोल्यांचा दवाखाना होता. तिथली नर्स नगरकडची, ख्रिस्ती, पन्नाशीची. सगळे त्यांना सिस्टरबाई म्हणत. पुढच्या खोलीत औषधं, मागच्या खोलीत त्या राहायच्या. मिशनच्या मोठ्या दवाखान्यातली गोरी डॉक्टरीणबाई मायदेशी परतताना त्यांना रेकॉर्ड वाजवायची एक पेटी आणि पाच-सहा मोठ्या रेकॉर्डी देऊन गेली होती. ऑक्टोबरातल्या एका रविवारी बाबांचं बोट आदल्या दिवशी मागात चेमटलं म्हणून पट्टी बांधून घ्यायला आम्ही त्यांच्याकडे गेलो. दार उघडं होतं आणि आत काहीतरी वाजत होतं.

आधी आवाज कळलाच नाही. कळली ती थरथर. फडताळातल्या औषधाच्या बाटल्या एकमेकींना लागून किणकिणत होत्या. बाबांनी पायांकडे पाहिलं. मालगाडी चालली असेल असं त्यांना वाटलं, पण रूळ तिथून बरेच लांब. मग त्या थरथरीतून सूर वर आला. मी बाजाची पेटी ऐकली होती. पण पेटीला छाती असते हे मला ठाऊक नव्हतं. तो कुठल्याशा मोठ्या चर्चमधला पाइपांचा ऑर्गन होता. आणि त्याच्यावर माणसं गायला लागली. एक आवाज निघाला, त्याच्या मागून दुसरा निघाला, तिसरा तिसऱ्याच वाटेनं गेला, चौथा खालीच राहिला, आणि मला वाटलं, आता गोंधळ होणार. झाला नाही. सगळे आपापल्या वाटेनं फिरून एका जागी आले आणि तिथे सगळे मिळून उभे राहिले. मी बाबांकडे पाहिलं. ते दुखरं बोट दुसऱ्या हातात धरून दारातच उभे होते, आणि त्यांचं तोंड उघडं होतं.

रेकॉर्ड संपल्यावर त्यांनी विचारलं, "हे किती जन आहे, सिस्टरबाई?"

"असतील तीस-चाळीस."

"सगळे अलग अलग म्हनून राहिले, मंग भांडन काहून नाही होऊन राहिलं?"

सिस्टरबाई हसल्या. मग बाबांनी खरा प्रश्न विचारला. "हे देवाचं आहे का?"

"देवाचंच आहे, दादा."

बाबांचा चेहरा उतरला. पट्टी बांधून घेऊन ते घरी आले. तीन दिवस ते दवाखान्याच्या रस्त्यानं गेले नाहीत. गिरणीत जायला लांबचा रस्ता धरला. चौथ्या दिवशी कुठेही काही लागलेलं नसताना दवाखान्यात जाऊन उभे राहिले. "देव त्यायचा त्यायच्यापाशी," म्हणाले, "आवाज तं ऐकता येते ना?"

तेव्हापासून रविवारी दुपारी आम्ही तिघं तिथे जाऊन बसायचो. माय बिड्यांचं सूप घेऊन यायची आणि ते मांडीवर घेऊन बसायची. ऐकता ऐकता तिचे हात चालू असायचे. पण ऑर्गनचा तो सगळ्यात खालचा सूर लागला की सुपातली तंबाखूची पूड हलायची आणि मायचे हात थांबायचे. ती पूड हलताना पाहत बसायची. ती एकदा म्हणाली, "कोनाचा हात लागला नाही, अन् हलते." तिच्या तोंडून एवढंच.

त्या रेकॉर्डीत सगळ्यात नवलाची गोष्ट शेवटी असायची. गाणारे थांबायचे. थांबले हे स्पष्ट कळायचं. आणि गाणं थांबायचं नाही. तोच सूर दुरून, फार दुरून, मऊ होऊन येत राहायचा, आणि इतका हळू विरायचा की तो संपला कधी हे आम्हाला कधी सांगता आलं नाही. आम्ही श्वास धरून बसायचो. असं काही मी जन्मात ऐकलं नव्हतं. मी विज्ञान शिकत होते, तरी मला तेव्हा त्यात विचार करण्यासारखं काही दिसलं नाही. मी नुसती भारावून जायचे.

विचार केला बाबांनी. दोन-तीन रविवार कान देऊन ऐकल्यावर त्यांनी छडा लावला. "हे दोन गट आहे. पुढचा म्हनते. मागं दूर बायका बसल्या आहे. पुढच्यायनं सोडलं का मागच्या धरते." पुरावा म्हणून त्यांनी रेकॉर्डच्या पाकिटावरचं चित्र दाखवलं: दगडी खांबांच्या रांगा, लांबच लांब चर्च, मागचं टोक अंधारात. बायका तिथे बसत असणार. आम्हाला पटलं. न पटायला काय झालं होतं? आमच्या घरांना वर कवेलूची कौलं, भिंती बांबूच्या तट्ट्याच्या. वंदना उघड्यावर. आमच्या तोंडून निघालेला आवाज गेला की गेला. तो परत येऊन भेटत नसे. विहिरीत ओरडलं तर आवाज घुमतो हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं, पण विहिरीएवढं घर असू शकतं हे कुणाच्या डोक्यात येणार?

मग मैदानावर सराव सुरू झाला. बाबांनी आधी चार सुरांचा घाट घातला, तो चार दिवसांत बोंबलला. शेवटी दोनावर आले: काही पुरुष खाली धरतील, काही वर जातील. तेवढ्यानंही त्रिशरणाची 'बुद्धं सरणं गच्छामि' ही ओळ अशी रुंद झाली की रस्त्यावरून जाणारे सायकलवाले उतरून उभे राहायचे. मागच्या गटासाठी बाबांना हळू आवाज हवे होते. जिचा आवाज बसलाय, जिला कुणी गायला बोलावत नाही, अशा आठ-नऊ बायका त्यांनी निवडल्या आणि मैदानाच्या पार टोकाला, भिंतीच्या कामाला आणलेल्या विटांपाशी बसवल्या. माय त्यांत होती. तिला निवडताना बाबांनी विशेष विचार केला नव्हता. ती घरचीच होती आणि तिचा आवाज फाटका होता.

पहिले पंधरा दिवस ते जमलंच नाही. पुरुष थांबायचे, मध्ये खड्डा पडायचा, मग मागून बायकांचं सुरू व्हायचं. लोक हसायचे. बाबा ओरडायचे, "अवं, लवकर धरा!" मायनं ते कोडं सोडवलं. एका संध्याकाळी तिनं बायकांना जवळ बोलावलं आणि काहीतरी सांगितलं. त्या संध्याकाळी पुरुषांनी शेवटचा शब्द लांबवला, थांबले, आणि सूर तसाच राहिला. त्यांच्या तोंडून निघून कधी विटांपाशी गेला ते कळलं नाही. बायका म्हणत होत्या की वारा म्हणत होता तेही सांगता येईना. मैदानात कुणी हललं नाही. रेकॉर्डवर ऐकलं होतं ते आमच्या वस्तीत, आमच्या शेजारणींच्या तोंडून येत होतं. मला एकदम रडू फुटलं, आणि मी काही रडूबाई नव्हे.

मायची युक्ती साधी होती. "त्यायनं सोडाच्या आधी धरायचं," तिनं मला सांगितलं. "त्यायच्या आवाजाखाली लपून धरायचं. अन् एकीनं श्वास घेतला तं तवा दुसरीनं घ्यायचा नाही." कुणी श्वास केव्हा घ्यायचा हे ती पायाच्या अंगठ्यानं खुणावायची. तिच्या पायाकडे डोळे लावून त्या सगळ्या गायच्या.

माय बदलली. बिड्या वळता वळता गुणगुणायला लागली. बायका तिला मास्तरीण म्हणू लागल्या, आणि ती "हट्" म्हणायची पण तोंड फिरवून हसायची. सरावाला जायच्या आधी ती हात तीनदा धुवायची, तंबाखूचा वास जावा म्हणून. कोण तिच्या हाताचा वास घेणार होतं? पण धुवायची. बाबांचं तिकडे लक्ष नव्हतं. माझं होतं, आणि तरी मी जे केलं ते केलं.

नाताळात सिस्टरबाईंनी मला शहरातल्या सदर भागातल्या त्यांच्या दगडी चर्चमध्ये नेलं. गाणाऱ्यांची क्वायर पुढे उभी होती. ऑर्गन रेकॉर्डीतल्याएवढा मोठा नव्हता, पण खालचा सूर लागल्यावर बाकाचं लाकूड पाठीला जाणवत होतं. त्यांनी गाणं म्हटलं, थांबले, आणि तो दूरचा मऊ सूर आला. मी आनंदानं मागे वळून पाहिलं. मागे बंद दार होतं. दाराशी चपला होत्या. बायका नव्हत्या. कुणीच नव्हतं. मी वर पाहिलं. उंच छताखाली तो सूर अजून होता. गाणाऱ्यांची तोंडं मिटलेली होती आणि दगड गात होते. आवाजाच्या परावर्तनाचा धडा परीक्षेत मी बिनचूक लिहिला होता. त्या क्षणी तो धडा माझ्या डोक्यावर येऊन उभा राहिला. इतकी थक्क मी आयुष्यात दोनदाच झाले आहे, त्यातली ही एक वेळ.

आणि थक्क झालेलं माणूस मूर्ख असतं. मी घरी आले ती धावतच. बाबा जेवत होते, माय वाढत होती. "बाबा, मागे कोणीच नसते! बायका-बियका काही नाही! थे इमारतच घुमते! आपन उगाच मागचा गट बसवला!" मी हसत होते. मला वाटलं, तेही हसतील.

बाबा हसले नाहीत. घास तसाच हातात. मायनं भाकरी त्यांच्या ताटात ठेवली आणि म्हणाली, "मंग इतके दिवस आमी भिंतीचं काम करत होतो म्हन."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी सुटले असते.

बाबांचा स्वभाव असा की चूक कळली की ती दुसऱ्या सूर्योदयापर्यंत ठेवायची नाही. देव सोडले ते याच स्वभावानं. दुसऱ्या दिवशी मैदानावर त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं, "आपली समजूत चुकली. मागं कोनी म्हनत नसते. तो घुमारा आहे. आपन घुमाऱ्याची नक्कल करून राहिलो, अन् नक्कल म्हनजे खोटं. मागचा गट आजपासून बंद." बायका उठल्या, पदर झटकले आणि घरी गेल्या. मायही गेली. दुसऱ्या दिवसापासून ती सरावाला आली नाही. गुणगुणणं बंद झालं. संध्याकाळी हात धुणं बंद झालं. मी तिच्याशी बोलायला गेले की ती म्हणायची, "अभ्यास कर." मी खोटं बोलले नव्हते, तरी मी तिच्या तोंडातला सूर काढून घेतला होता.

शेवटी मी सिस्टरबाईंकडे जाऊन सगळं सांगितलं. त्या चकितच झाल्या. "अगं, मला वाटलं ती तुझ्या वडिलांचीच कल्पना आहे! मी दोनदा दवाखान्याच्या पायरीवरून ऐकलं. मला वाटलं, वा, यांच्याकडे चर्च नाही म्हणून यांनी माणसांचं चर्च केलंय." हे त्यांनी बाबांनाही सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं, पण मान हलवली. "सिस्टरबाई, तुमी भल्या आहा. पन जे नाही थे आहे म्हनून कायले दाखवाचं? विहारात आपला आवाज जसा आहे तसा निघन." मायला बोलवा असं मी त्यांना चार वेळा म्हटलं. चौथ्यांदा ते इतक्या जोरात ओरडले की सुपातली पानं उडाली. माझी खात्री आहे, त्यांनाही ते लागलं होतं. पण जाहीर बोललेला शब्द मागे कसा घ्यायचा हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

वैशाखी पौर्णिमेला सकाळी सातलाच ऊन भाजायला लागलं होतं. विहार खच्चून भरला. बौद्ध भिक्खू, आमचे भन्तेजी, आले, बसले. एका बाजूला पुरुष, एका बाजूला पांढऱ्या लुगड्यांतल्या बायका. माय चौथ्या-पाचव्या रांगेत. बाबांचा गट पुढे उभा राहिला आणि त्यांनी वंदना म्हटली. सुंदर म्हटली. खालचा सूर भक्कम, वरचा स्वच्छ. शेवटच्या शब्दावर बाबांनी हात वर नेला, सगळ्यांनी तो शब्द लांबवला आणि थांबले.

आणि गाणं तुटलं. एवढ्या माणसांत, तापलेल्या टिनाखाली, त्याचं काहीही उरलं नाही. कुणाचं तरी लेकरू खोकलं. बाबांचा हात वरच होता. तो खाली घ्यायला हवा होता, लोक वाट पाहत होते, पण ते घेत नव्हते. मी बाजूला उभी होते. मला त्यांचा चेहरा दिसत होता. दारात दुखरं बोट धरून उभे राहिले होते त्या दिवसापासून जे त्यांना हवं होतं, ते त्यांच्या हातातून निघून गेलेलं त्यांना ऐकू आलं होतं.

ते बायकांच्या बाजूला वळले. आणि गिरणीतल्या त्यांच्या आवाजात, भन्तेजींच्या समोर, सगळ्या वस्तीच्या समोर म्हणाले, "अवं, धर ना!"

पुष्कळ लोक हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाटलं, माय आता पदरात तोंड लपवणार. ती उठून उभी राहिली. इतकी शांतता झाली की तिचा फाटका आवाज शेवटच्या भिंतीपर्यंत पोचला.

"आता काय धरू? तुमी सोडून देल्लं. सुटलेलं धरता येत नाही. पयलेपासून म्हना."

माझ्या आठवणीत बाबांना आमच्या घरात कुणी 'पहिल्यापासून' असं सांगितलं नव्हतं. त्यांनी भन्तेजींकडे पाहिलं. भन्तेजींनी मान डोलावली. बाबा आपल्या गड्यांकडे वळले आणि म्हणाले, "पयलेपासून."

मागच्या बायकांना कुणी बोलावलं नाही. त्या आपणहून उठल्या. एकीनं कडेवरचं मूल दुसरीच्या हातात दिलं. माय गर्दीतून वाट काढत मागच्या भिंतीशी गेली, आणि त्या सगळ्या तिच्या मागोमाग जाऊन तिच्या भोवती बसल्या. मायनं पाय पुढे घेतला.

वंदना पुन्हा झाली. या वेळी मी ठरवलं होतं की पुरुष नेमके कधी थांबतात ते पकडायचं. मी त्यांच्या तोंडांकडे टक लावून पाहत होते. तोंडं मिटली, बाबांचा हात खाली आला, आणि सूर होता. कुठून होता ते कळत नव्हतं. लोक माना वर करून टिनाकडे पाहायला लागले. भन्तेजींनीही वर पाहिलं. म्हाताऱ्या माणसांनी हात जोडले, कुणाला ते त्यांचं त्यांना ठाऊक. आम्ही देव सोडलेली माणसं, आणि त्या साध्या टिनाखाली आमच्यावर कसली तरी मोठी छाया आल्यासारखं झालं. मला भीती वाटली, आणि ती भीती हवीशी वाटली.

बाबांनी वर पाहिलं नाही. ते मायकडे पाहत होते. सूर पूर्ण विरला, बायकांनी पदर सावरले, तरी ते तसेच पाहत उभे होते. शेवटी भन्तेजींनीच त्यांना बसायला सांगितलं.